बिनकवटीचे व्होल्ट

गावाच्या वेशीवरच्या डीपीला एक पत्र्याची पाटी असते. पाटीवर कवटी, कवटीखाली हाडांची फुली आणि त्याखाली ११,००० व्होल्ट. पाटी गंजलेली असते, एक स्क्रू कधीच निखळलेला असतो, पण कवटीचं काम चोख चालतं. शेळ्या सोडल्या तर त्या कुंपणाच्या आत कुणी पाय टाकत नाही.

आता माण तालुक्यात, दहिवडीला, जानेवारीतल्या एका संध्याकाळी एक आजोबा अॅक्रिलिकचा स्वेटर डोक्यावरून ओढून काढतात. तडतड होते, अंधार असेल तर निळसर ठिणग्या दिसतात, उरलेसुरले केस उभे राहतात. त्या घडीला आजोबांच्या अंगावर काही हजार व्होल्ट असतात. डीपीची बरोबरी नाही, पण त्याच्या पंगतीला बसायला हरकत नाही. तरी त्यांच्या पाठीवर कुणी कवटी लावत नाही. आजोबा तसेच उठतात, नातवानं झाकण काढून ठेवलेल्या कॉम्प्युटरपाशी जातात आणि "ह्ये काय हाय रं?" म्हणून एका काळ्या चिपवर बोट टेकवतात. त्यांना काही होत नाही. चिपला काय होतं ते पुढे येईलच.

इतके व्होल्ट अंगावर घेऊन माणूस सहीसलामत कसा, हा प्रश्न घरातल्या २३० व्होल्टला जन्मभर टरकून असलेल्या कुणालाही पडावा. उत्तर असं, की भिंतीतल्या विजेच्या पाठीमागं अख्खं वीज मंडळ उभं असतं. आजोबांच्या पाठीमागं फक्त स्वेटर. अंगावर साठलेला भार चिमूटभर, आणि तो उतरतो एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आत. चिपांची परीक्षा घेणाऱ्या इंजिनिअर मंडळींनी त्यासाठी सबंध मानवजातीचा एक हिशेब मांडून ठेवलाय: माणूस म्हणजे १०० पिकोफॅरड आणि १,५०० ओहम. पतसंस्थेचं संचालकपद, सोसायटीचं चेअरमनपद, साखर कारखान्याच्या जनरल बॉडीत गाजवलेलं भाषण, सगळं धरून एवढाच. मला हा हिशेब आवडतो. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर छापायला हरकत नसावी.

गंमत पुढे आहे. अंगावरचा हा भार उतरताना माणसाला चटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. त्याच्या खाली सगळं शांत. आणि नाजूक चिपा मरायला शंभर व्होल्टही पुष्कळ होतात. आजच्या चिपांत काही थर इतके पातळ असतात, की त्यांच्यापुढे डोक्यावरचा केस हजारो पटींनी जाड ठरतो. त्या थराला भोक पडायला किती जोर लागणार? म्हणजे शंभर ते तीन हजार हा जो पट्टा आहे, त्यात माणूस खून करतो आणि खुनाची बातमी खुन्यालाही कळत नाही.

युरोपात ही साठलेली, म्हणजे स्थितिक वीज आधी करमणुकीला आली. १७४६ साली फ्रान्समध्ये नोले नावाच्या धर्मगुरूनं एका काचेच्या बरणीत भार साठवला, पंधराव्या लुईच्या समोर १८० शिपाई हातात हात देऊन उभे केले आणि बरणी त्यांच्यातून मोकळी केली. एकशेऐंशी शूर शिपाई एकदम उडाले. राजा इतका खूश झाला, की पुढे मठातले दोनशेक संन्यासी तसेच जोडून उडवण्यात आले. शॉक बसलेल्याकडं बघून बाकीच्यांनी हसायचं, हा रिवाज तेव्हापासूनचा असावा. चिप मात्र उडी मारत नाही आणि ओरडतही नाही. त्यामुळं तिची कुणाला दया येत नाही.

सातारा जिल्ह्याची रचना तर या विषयाची प्रयोगशाळा असावी अशीच आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या हँडबुकांत वर्षानुवर्षं एक तक्ता छापला जातो: गालिच्यावरून चालणाऱ्या माणसावर कोरड्या हवेत ३५,००० व्होल्टपर्यंत भार चढतो, तोच माणूस दमट हवेत चालला तर १,५०० वर भागतं. दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा बारीकसा पापुद्रा बसतो आणि भार त्यावरून निथळून जातो. तक्ता परदेशी आहे, पण त्याची दोन टोकं आमच्या एका जिल्हा परिषदेत बसतात. पश्चिमेला महाबळेश्वर, जिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला माण, जिथं पाचशे पडला तर पेढे वाटतात. जुलैत महाबळेश्वरच्या दुरुस्तीवाल्याला ठिणगीची भीती नाही. त्याच्याकडं येणाऱ्या बोर्डावर बुरशी असते, स्क्रू गंजून आटलेले असतात, स्पीकरमध्ये किडे असतात. तेच माणमधल्या म्हसवडला थंडीत कोरडा वारा सुटला, की प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठणारा प्रत्येक जण एक छोटासा फिरता डीपी असतो. सांगलीतही हीच तऱ्हा: शिराळ्याला ओल, जतला फुफाटा. जत तालुक्यात माडग्याळच्या मेंढ्या आहेत, धनगरांच्या घोंगड्या आहेत. अंधारात कोरडी घोंगडी झटकली की चमकते. पूर्वी ते खविसाच्या खात्यावर मांडलं जायचं, आता कुणाच्याच खात्यावर मांडत नाहीत. विट्याच्या यंत्रमागवाल्याला मात्र हे शिकवायला जाऊ नये. हवा कोरडी पडली, की पॉलिस्टरचा धागा एकमेकाला चिकटतो, तुटतो आणि मालकाचं डोकं फिरतं. कापडाच्या गिरण्यांनी हवेत पाणी फवारायची सोय फार पूर्वीच केली, ती हौसेनं नव्हे. तुटलेला धागा दिसतो, म्हणून उपाय झाला.

खुद्द सांगली शहराची अडचण वेगळी. तिथं धोका फुटांत मोजायची सवय आहे. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली, तेव्हा गावानं तो आकडा तास-तास पाहिला. अशा माणसांना "तुमच्या बोटात दोन हजार व्होल्ट आहेत" म्हटलं, की ते विचारणार, पट्टी कुठं लावलीय? पट्टी नाही. पट्टी नसलेल्या धोक्याला सांगलीत कुणी घर सोडत नाही.

बरं, ठिणग्यांचा परमोच्च मुहूर्त कोणता? संक्रांत. बायका काळ्या साड्या नेसतात, निम्म्याहून अधिक पॉलिस्टरच्या. सतरंजीवर बसतात, त्यावर घसरत घसरत जागा करून देतात, उठतात, स्टीलची वाटी पुढे करतात. "तिळगूळ घ्या" म्हणताना बोटाला बोट लागतं आणि चट्कन ठिणगी बसते. "गोड बोला" हे वाक्य मग दोन्हीकडून थोडं उशिरा येतं. याच दिवसांत शाळांना प्रदर्शनं असतात, घरोघरी पोरं कॉम्प्युटर उघडून बसलेली असतात आणि आई हळदीकुंकवाहून येऊन त्याच साडीत विचारते, "काय पसारा मांडलायस?" पसाऱ्याला ती हात लावते. पसारा आवरला जातो, तो कायमचा.

उपाय माहीत नाहीत असं नाही. साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत आणि सांगलीत हरभट रोडपासून विश्रामबागेपर्यंत मोबाईल-कॉम्प्युटर दुरुस्तीची जी दुकानं आहेत, त्यांतल्या पुष्कळांत निळी मॅट आणि मनगटी पट्टा असतो. निळ्या मॅटवर चहाचे ग्लास असतात, कारण ती पुसायला सोपी. मॅटपासून अर्थिंगला जाणारी वायर कुणीतरी चार्जरसाठी कापून नेलेली असते. आणि पट्टा खिळ्याला असतो, गणपतीच्या तसबिरीशेजारी. सकाळी उदबत्ती ओवाळताना दोघांनाही मिळते.

"दादा, हा पट्टा घालत नाही का तुम्ही?"

"घालतो की! कंपनीचा माणूस आला की."

यात लबाडी नाही. आमच्या भागातल्या मनगटाचा विचार केला पाहिजे. तिथं आधीच मांढरदेवच्या काळुबाईचा दोरा, औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला गेल्यावर बांधलेला दोरा, सांधे दुखतात म्हणून तांब्याचं कडं आणि आपोआप गळेपर्यंत ठेवायची राखी, इतकी मंडळी बसलेली असतात. पट्टा बसायचा कुठं? शिवाय त्या सगळ्यांचं रक्षण घालणाऱ्यासाठी असतं. हा एकच पट्टा असा, की जो घालणाऱ्याचं काडीचंही भलं करत नाही. तो गिऱ्हाइकाच्या बोर्डाचं रक्षण करतो. दुसऱ्याच्या मालासाठी स्वतःला टेबलाला बांधून घ्यायचं, हे सहकाराच्या जिल्ह्यातही जरा जास्तच होतं.

मग काय वापरतात? खोडरबर. कॉम्प्युटर सुरू होईना, टुंइं-टुंइं आवाज येतोय, की रॅम काढायची आणि तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं खसाखसा घासायच्या. हा उपाय कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत आणि सगळ्यांना येतो. रबर घासलं की भार तयार होतो, हे पहिलं. त्या सोन्याचा मुलामा मायक्रोनपेक्षाही पातळ असतो, हे दुसरं. आणि एवढं करून मशीन बहुतेक वेळा चालू होतं, हे तिसरं, ज्याच्यापुढं पहिल्या दोहोंचं काही चालत नाही. रॅम नुसती काढून पुन्हा घट्ट बसवली असती तरी पुष्कळदा भागलं असतं. फारच मळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा आहे. पण नुसतं काढून बसवण्याचे पैसे कोण देणार? घासलेलं गिऱ्हाइकाला दिसतं.

बोर्डाचा प्रवासही बघण्यासारखा. तो भारापासून वाचवणाऱ्या चंदेरी पिशवीतून येतो, ती पिशवी आधी घरात शिरते. तिच्यात रेशन कार्ड सुरेख राहतं. मग बोर्ड कॅरीबॅगमध्ये, त्याला लागू नये म्हणून मऊ स्वेटरात गुंडाळून, सोबत थर्माकोलचा तुकडा, आणि अशी बाळाची कुंची करून म्हसवडहून साताऱ्यापर्यंत एसटीच्या रेक्झिनवर मांडीत घासत घासत. भार तयार करण्यासाठी ठरवून जरी साहित्य जमवलं असतं, तरी याहून चांगलं जमलं नसतं. त्यापेक्षा एखादा गरीब माणूस तोच बोर्ड 'ऐक्य'च्या जुन्या अंकात गुंडाळून आणतो तो शहाणा. वर्तमानपत्र थोडी ओल धरून असतं आणि प्लॅस्टिकइतका भार धरत नाही. अर्थात चंदेरी पिशवीची भक्ती दुसऱ्या टोकालाही जाते. काही जण बोर्ड त्याच पिशवीवर मांडून चालू करून बघतात. पिशवी बाहेरून वीज वाहून नेते म्हणून तर ती रक्षण करते. तिच्यावर जिवंत बोर्ड ठेवला की खालचे सगळे टाके एकमेकांना भेटतात.

आता अर्थिंग. घर बांधताना खड्डा खणला जातो, कोळसा-मीठ घातलं जातं, वायर सोडली जाते आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओता असं वायरमन बजावून जातो. पहिल्या वर्षी ओततात. पुढं त्या खड्ड्यावर तुळस येते, किंवा पार्किंग. घरात तीन पिनेचा प्लग दोन पिनेच्या बोर्डात बसत नाही म्हणून तिसरी पिन वाकवतात. दोन पिनेचा प्लग तीन भोकांत जाईना, की वरच्या भोकात पेनचं टोपण खुपसतात. त्या भोकाचा याहून दुसरा काही उपयोग असतो, अशी शंका घेणारा माणूस मला घरगुती वर्तुळात भेटलेला नाही. मग कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. ही स्थितिक वीज नव्हे. आतल्या पॉवर सप्लायमधून थोडीशी वीज डब्यावर झिरपते. तिनं जमिनीत जायचं, पण वाटेत टोपण असतं. अशा डब्याला तो पट्टा इमानानं चिमटा लावून बांधला, तर आपण कुठं बांधले गेलो, हे पट्ट्यालाही सांगता येणार नाही.

झिणझिण्यांवर घरातला उपाय ठरलेला: "चप्पल घाल आणि मग हात लाव." आईचं हे वाक्य २३० व्होल्टपुरतं शंभर टक्के बरोबर आहे आणि त्यानं किती जीव वाचले असतील याची गणती नाही. पण स्थितिक विजेच्या बाबतीत तेच वाक्य घात करतं. रबरी चप्पल घातली, की अंगावरचा भार जमिनीत उतरत नाही, बोटाच्या टोकाशी चिपची वाट बघत बसतो. एका विजेसाठी जमिनीपासून तुटायचं, दुसरीसाठी जमिनीला जोडून राहायचं. माणसानं करावं काय?

या पेचातून पट्टाच सोडवतो, आणि इथं मला त्या खिळ्यावरच्या पट्ट्याविषयी खरा आदर वाटतो. त्याच्या वायरीत १० लाख ओहमचा, म्हणजे एक मेगाओहमचा रोधक दडवलेला असतो. अंगावरच्या भाराला तो वाट देतो, पण सावकाश, ठिणगी न पाडता. आणि चुकून दुसरा हात २३० व्होल्टला लागलाच, तर अंगातून पाव मिलिअँपिअरही जाऊ देत नाही. म्हणून हुशारी करून, "एवढं काय त्यात" म्हणत मनगटाला साधी तांब्याची तार गुंडाळून नळाला बांधू नये. जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही उघडताना तर पट्टाही काढून ठेवायचा. तिथं हजारो व्होल्ट साठलेले असतात, आणि ते स्वेटरातले नव्हेत. आणि पट्टा नसेल तर? प्लग काढायचा, सुती कपडे घालायचे, अर्थिंग असलेल्या धातूला अधूनमधून हात लावत राहायचं, बोर्ड कडेला धरायचा. फुकटचे उपाय आहेत, त्यामुळं कुणाचा विश्वास बसत नाही.

आणि बसावा तरी कसा? ठिणगी लागलेली चिप दरवेळी जागेवर मरत नाही. पुष्कळदा ती नुसती जखमी होते. आजोबा बोट लावून गेले, मशीन चालू झालं, आजोबा म्हणाले "काय बी हुत न्हाय." मशीन दोन-तीन महिने चालतं, मग एका सोमवारी बंद पडतं. त्या दिवशी पंचनामा होतो. साक्षी सगळे हजर असतात: "लाईट कमी-जास्त झाली", "माल चायनाचा", "शेजाऱ्याचा बोअर चालू झाला की असंच होतं", "पोरगं रात्रभर गेम खेळतंय". दुकानदार बोर्ड उजेडात धरून सांगतो, "आयसी उडालाय." उडाला, जणू त्याला पंख होते. एका बाजूला साडेसातीचाही उल्लेख होतो. स्वेटरचं नाव कुणी घेत नाही. स्वेटर तर उन्हाळा लागल्यावर ट्रंकेत गेलेला असतो, डांबरगोळ्यांसह.

वाईला आमच्या नात्यातला एक मुलगा आहे. कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून पुण्याजवळच्या एका कारखान्यात लागला. संक्रांतीला घरी आला तेव्हा त्यानं ओसरीवर सगळी हकिकत सांगितली. आत शिरताना बाहेरच्या चपला काढायच्या. ठरलेला निळा कोट. टाचेला पट्टी. दारात यंत्रावर उभं राहून हात टेकवायचा, हिरवा दिवा लागला तरच आत. आत प्लॅस्टिकची बाटली न्यायची नाही, थर्माकोलचा कप नाही, मालाला उगाच शिवायचं नाही, शिवायचं तर कडेनं.

आजी ऐकत होत्या. म्हणाल्या, "अरे, म्हणजे सोवळंच की!"

झालं. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ तेवढ्याचीच वाट बघत होते. "बघा, आपल्याकडं हे सगळं आधीच होतं. अनवाणी पाय, सारवलेली जमीन, ओलेतं वस्त्र. भार राहीलच कसा?" मराठी विश्वकोश जिथं घडला त्या गावात असं बोलायला धैर्य लागतं, पण ते त्यांच्याकडं मुबलक आहे. ओल्या सुती वस्त्रातली, सारवलेल्या जमिनीवर अनवाणी उभी असलेली बाई ही स्थितिक विजेच्या दृष्टीनं खरोखरच निर्धोक, हे मान्य. पण ओलेतं नसेल तेव्हा सोवळ्याला काय चालायचं? रेशमी कद आणि लोकरीची धाबळी. भार धरण्यात दोन्ही पटाईत. म्हणजे अर्धा शोध मन्वंतरापूर्वी लागला होता आणि उरलेला अर्धा नेमका उलटा. शिवाय कारखान्यातल्या शिवाशिवीत बाटतो तो माल, माणूस नव्हे, आणि भार उतरवायला प्रायश्चित्त लागत नाही, एक वायर पुरते. सावित्रीबाईंच्या जिल्ह्यात एवढा फरक तरी लक्षात ठेवावा, असं मी म्हणालो. गृहस्थांनी विषय पावसाकडं नेला.

आजींचं लक्ष वेगळीकडं होतं. "हिरवा दिवा नाही लागला तर?"

"थंडीत नाही लागत कधी कधी. कातडी कोरडी पडते ना, मग यंत्राला माणूस कळतच नाही."

निघताना त्याच्या पिशवीत खोबरेल तेलाची बाटली गेली. आजींचा शब्द मोडायचा नाही म्हणून त्यानं सोमवारी हातापायाला चोपडून तेल लावलं आणि यंत्रावर उभा राहिला. तेलातून वीज जात नाही. लाल. पुसून पाहिलं, लाल. मागे रांग वाढायला लागली, सुपरवायझर घड्याळ बघायला लागला. संध्याकाळी त्यानं घरी फोन केला.

"आजी, तेलानं यंत्र आत घेईना."

"कुठलं तेल लावलंस?"

"तुझंच. खोबरेल."

"कोमट करून लावलं होतंस का?"